आधी चंचू, मग मुसळ: ट्रोजन डाउनलोडर कसा ओळखतात

स्क्रीनच्या कोपऱ्यात अँटिव्हायरसची चौकट उघडते: 'ट्रोजन डाउनलोडर सापडला, काढून टाकला.' सोबत हिरवी खूण. बघणारा सुटकेचा निःश्वास टाकतो, चौकट बंद करतो आणि आपल्या कामाला लागतो. माझ्यासारख्या तपास करणाऱ्याचं काम नेमकं तिथून सुरू होतं. समजा, ती फाइल ११ वाजून ४ मिनिटांनी उघडली गेली आणि अँटिव्हायरसने ती ११ वाजून ९ मिनिटांनी उडवली. मधल्या पाच मिनिटांत काय झालं, हे हिरवी खूण सांगत नाही.

'चंचुप्रवेशे मुसळप्रवेशः' असं आपल्याकडे म्हणतात. चोच शिरेल एवढी फट मिळाली की मागून मुसळ आत येतं. डाउनलोडर म्हणजे ती चोच. तो पासवर्ड चोरत नाही, फायलींना कुलूप लावत नाही, पैसेही मागत नाही. त्याची कामं तीनच: बाहेरून काहीतरी आणायचं, कुठेतरी ठेवायचं आणि ते चालू करून द्यायचं. ते झालं की बरेचदा तो स्वतःलाच पुसून टाकतो. 'ट्रोजन' हा शब्द वेषापुरता: वरून बिलाची पीडीएफ, एखाद्या सॉफ्टवेअरचा अपडेट किंवा कुरिअरची पावती. वरून कीर्तन, आतून तमाशा.

त्याचा एक सख्खा भाऊ आहे, ड्रॉपर. ड्रॉपर माल पोटात घेऊन येतो. डाउनलोडर रिकाम्या हाताने येतो आणि आल्यावर माल मागवतो. कागदावर हा फरक स्वच्छ दिसतो, प्रत्यक्षात दोघांची सरमिसळ असते. मे २०२४ मध्ये 'ऑपरेशन एंडगेम' या मोहिमेत आइस्डआयडी, स्मोकलोडर, पिकाबॉट, बंबलबी, ट्रिकबॉट वगैरेंचे शंभराहून अधिक सर्व्हर बंद पाडले गेले, तेव्हा युरोपोलने, म्हणजे युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेने, या सगळ्यांना सरसकट 'ड्रॉपर'च म्हटलं. नावावरून वाद घालण्यात मला तरी रस नाही. माल आला कुठून आणि आला तो काय होता, हे कळलं पाहिजे.

काम असं दोघांत वाटून घेण्यामागे साधा हिशेब आहे. पहिली फाइल हजारो लोकांना ईमेलने पाठवायची असते, म्हणजे ती आज ना उद्या पकडली जाणारच. मग महागडा, मेहनतीने बनवलेला माल तिच्यात का घालायचा? पहिली फाइल स्वस्त ठेवायची, रोज बदलायची, पकडली गेली तर सोडून द्यायची. शिवाय माल सर्व्हरवर असला की कोणाला काय द्यायचं ते तिथे बसून ठरवता येतं. घरच्या संगणकाला एक, कंपनीच्या संगणकाला दुसरं, आणि तपास करणाऱ्याचा वास आला तर काहीच नाही.

इमोटेट हे याचं ठळक उदाहरण. २०१४ मध्ये तो बँकेचे तपशील चोरणारा ट्रोजन म्हणून दिसला. पुढे त्याने धंदाच बदलला. हाती आलेले संगणक इतर टोळ्यांना वापरायला देणं हे त्याचं काम झालं. इमोटेट शिरला की ट्रिकबॉट यायचा, ट्रिकबॉटने नेटवर्क हुंगून झालं की र्‍यूक नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्रॅम. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले. पुढची गंमत मला फार आवडते: माल पोचवणारी जी नळी इमोटेटने घालून ठेवली होती, तिच्यातूनच पोलिसांनी त्याला काढून टाकणारी फाइल पाठवली, आणि २५ एप्रिल २०२१ ला ती कामाला लागली. नोव्हेंबरमध्ये तो परत आला, ती गोष्ट वेगळी.

आता या सगळ्यात डाउनलोडरची एक दुखरी नस आहे. तो वेष बदलेल, नाव बदलेल, आतला मजकूर गुप्त लिपीत लिहील. पण आणणं, ठेवणं आणि चालवणं ही तीन कामं त्याला करावीच लागतात. ती केली नाहीत तर तो डाउनलोडरच नाही. त्याची तपासणी म्हणजे फिरून फिरून या तीन कामांचा माग काढणं.

वेषाकडे आधी बघू

४ मे २००० रोजी जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या वर्मच्या (आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमच्या) फाइलचं नाव टीएक्सटी आणि मग व्हीबीएस अशा दोन शेपट्यांचं (एक्स्टेन्शनचं) होतं. विंडोज शेवटचं शेपूट लपवत असे, म्हणून लोकांना ती साधी मजकुराची फाइल दिसली. प्रत्यक्षात ती स्क्रिप्ट होती, आणि पसरता पसरता ती ब्राउझरचं पहिलं पान बदलून पासवर्ड चोरणारा एक वेगळा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला बघायची. म्हणजे वर्म तर होतीच, डाउनलोडरही होती. इतकी वर्षं झाली, तरी विंडोजच्या मूळ सेटिंगमध्ये ओळखीच्या फायलींची शेपटं आजही लपलेलीच असतात. हे मला कधीच पटलेलं नाही.

दुसरी युक्ती जास्त चलाख आहे. अरबी, उर्दू यांसारख्या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी युनिकोडमध्ये एक अदृश्य चिन्ह आहे. ते आलं की पुढची अक्षरं उलट दिशेने दिसू लागतात. ते चिन्ह फाइलच्या नावात योग्य जागी घातलं, की नावाचा शेवट ईएक्सई असूनही डोळ्यांना शेवटी पीडीएफ दिसतं. संगणकाला नाव जसं आहे तसंच दिसतं, फसतो तो माणूस.

बरीच वर्षं वर्ड आणि एक्सेलच्या फायलींतले मॅक्रो, म्हणजे फाइलच्या पोटातले छोटे प्रोग्रॅम, हा डाउनलोडरचा राजमार्ग होता. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फायलींतले मॅक्रो आपोआप बंद ठेवायला सुरुवात केली, आणि हल्लेखोरांनी लगेच वाट बदलली: आधी डिस्कच्या आयएसओ फायली आणि शॉर्टकट, २०२३ च्या सुरुवातीला वननोटच्या वह्या, आणि २०२४ पासून 'क्लिकफिक्स'. या शेवटच्या प्रकारात फाइलच नसते. 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' असं म्हणत एक वेबपान तुम्हाला विंडोजची कळ आणि आर दाबायला लावतं, मग पेस्ट करायला, मग एंटर. क्लिपबोर्डवर त्या पानाने आधीच एक कमांड ठेवलेली असते. डाउनलोडर आत आणण्याचं काम तुमच्याच हातून करून घेतलं जातं.

इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य शिक्का मारतं, आणि त्यात बरेचदा फाइल कोणत्या पत्त्यावरून उतरली तेही लिहिलेलं असतं. तपास करणाऱ्याला ही चिठ्ठी म्हणजे पर्वणी. आयएसओचं आकर्षण यातच होतं: बाहेरच्या डब्यावर शिक्का असायचा, आतल्या फायलींपर्यंत तो पोचत नसे. नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटने ते भोक बुजवलं.

हात लावण्यापूर्वी

संशयित फाइल आपल्या रोजच्या संगणकावर कोणी उघडत नाही. व्हर्च्युअल मशीन घ्यायचं, म्हणजे संगणकाच्या पोटातला खोटा संगणक. त्याचं नेटवर्क तोडायचं, मूळ संगणकाशी फोल्डर वाटून घेतलेला नाही ना ते बघायचं, आणि त्याच्या स्वच्छ स्थितीचा स्नॅपशॉट घेऊन ठेवायचा, म्हणजे खेळ संपला की एका क्लिकमध्ये मागे जाता येतं. फाइल इकडून तिकडे नेताना पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये न्यायची. या क्षेत्रात हा पासवर्ड परंपरेने 'इन्फेक्टेड' हाच असतो. गुप्ततेसाठी नव्हे, चुकून डबल-क्लिक होऊ नये आणि वाटेतल्या अँटिव्हायरसने गिळू नये म्हणून.

मग हॅश काढायचा. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो, आणि फाइलमधला एक बिट बदलला तरी अख्खा ठसा बदलतो. अनेक अँटिव्हायरसचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या व्हायरसटोटलसारख्या संकेतस्थळावर हा ठसा शोधला की ही फाइल आधी कोणी पाहिली आहे का, कोणत्या अँटिव्हायरसने तिला काय नाव दिलं, हे मिनिटाभरात कळतं.

इथे एक चूक मी नव्या माणसांकडून वारंवार पाहिली आहे: ठसा न शोधता थेट फाइलच चढवून टाकणं. एक तर चढवलेली फाइल इतर सदस्यांनाही उतरवता येते, आणि ती तुमच्या कंपनीचं खरंखुरं गोपनीय कागदपत्र निघालं तर ते चव्हाट्यावर आलं. दुसरं म्हणजे, फाइल फक्त तुमच्यासाठी बनवलेली असेल तर बनवणारा तिथे नजर ठेवून बसलेला असू शकतो. फाइल दिसली की त्याला कळतं, आपण पकडले गेलो. मग तो सर्व्हर बंद करतो, आणि माल काय होता ते कायमचं हातचं जातं. म्हणून आधी ठसा, फाइल नंतर, आणि तीही विचार करून.

न चालवता वाचणं

पहिली तपासणी फाइल न चालवता करतात. विंडोजच्या प्रत्येक चालणाऱ्या प्रोग्रॅमची सुरुवात 'एम' आणि 'झेड' या दोन अक्षरांनी होते. मायक्रोसॉफ्टमध्ये डॉसवर काम करणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं. फाइलचं नाव पीडीएफ म्हणत असेल आणि पोटात पहिलीच दोन अक्षरं एमझेड निघाली, तर पुढची बरीच चर्चा टळते.

नंतर बघायची ती आयात यादी. कोणताही प्रोग्रॅम नेटवर जाणं, फाइल लिहिणं अशी कामं स्वतः करत नाही, विंडोजकडून करवून घेतो, आणि कोणकोणती कामं करवून घेणार ते सहसा या यादीत असतं. त्यात 'यूआरएलडाउनलोडटूफाइल' आणि 'शेलएक्झिक्यूट' एवढी दोनच नावं शेजारी शेजारी दिसली तरी कान टवकारले जातात: एक आणतं आणि ठेवतं, दुसरं चालवतं. पन्नास खिडक्या-बटणं असलेल्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये ही नावं असली तर नवल नाही. पण ना खिडकी, ना बटण, आकार चिमूटभर, आणि यादीत नेमकी हीच नावं? मग तो डाउनलोडर असण्याची शक्यता खूपच वाढते.

अर्थात मुरलेला लेखक यादी अशी उघडी ठेवत नाही. तो फक्त 'लोडलायब्ररी' आणि 'गेटप्रॉकअॅड्रेस' ही दोन नावं ठेवतो. त्यांच्या मदतीने बाकीची कामं चालू असताना हुडकता येतात. गंमत अशी, की एवढी रिकामी यादी हाच मग पुरावा होतो. भर बाजारात तोंड झाकून फिरणाऱ्याकडे लोक जास्त बघतात, तसं.

एन्ट्रॉपी हे आणखी एक माप. फाइलमधले बाइट किती विस्कळीत आहेत ते ० ते ८ या पट्टीवर मोजतात. साधा मजकूर आणि साधा कोड खालीच राहतो. ७ च्या वर गेलं की मजकूर आवळलेला किंवा गुप्त लिपीत आहे असं समजायचं. १९९८ पासून वापरात असलेल्या यूपीएक्ससारख्या पॅकरने आवळलं असेल तर उलगडणं सोपं असतं. घरगुती पॅकर असला की कपाळाला हात.

आता एक गोष्ट अगदी जवळून बघू, कारण ती कळली की या कामातली जादू संपते आणि मजा सुरू होते. डाउनलोडरच्या पोटात सर्व्हरचा पत्ता असावाच लागतो. तो उघडा ठेवला तर फाइलमधले वाचता येण्यासारखे शब्द काढून देणारं 'स्ट्रिंग्स' हे साधं साधन तो लगेच दाखवतं. म्हणून पत्ता झाकतात, आणि झाकायची सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे एक्सॉर. प्रत्येक अक्षराच्या आकड्यावर एका किल्लीने ही क्रिया केली की वेगळाच आकडा मिळतो. त्याच किल्लीने पुन्हा केली की मूळ आकडा परत.

समजा, फाइलमध्ये एका ठिकाणी ९५, ६७, ६७, ७१ असे बाइट दिसतात. किल्ली आपल्याला माहीत नाही. पण वेबपत्ता असेल तर तो एच, टी, टी, पी या अक्षरांनी सुरू होणार हे माहीत आहे, आणि या अक्षरांचे आकडे १०४, ११६, ११६, ११२. पहिली खूण डोळ्यांनाच दिसते: मधले दोन 'टी' सारखे, आणि गुप्त बाइटही मधले दोन सारखे. आता एक्सॉरची आणखी एक खोड कामी येते: गुप्त आकडा आणि मूळ आकडा यांचं आपसांत एक्सॉर केलं की किल्ली बाहेर पडते. ९५ आणि १०४ यांचं उत्तर ५५. ६७ आणि ११६ यांचंही ५५. ७१ आणि ११२ यांचंही ५५. चारही वेळा तेच उत्तर आलं की योगायोगाला जागा उरत नाही. ५५ ही किल्ली पुढच्या बाइटांना लावत गेलं की सर्व्हरचा अख्खा पत्ता ओळीने उभा राहतो. हे कागद-पेन्सिलीने करता येतं. किल्ली एका अक्षराची नसून दहा अक्षरांची असेल तर कागद जास्त लागतो, एवढंच.

स्क्रिप्टच्या जगात झाकायची आवडती रीत आहे बेस-६४, म्हणजे कोणतीही माहिती ठरावीक ६४ चिन्हांत लिहिण्याची पद्धत. झाकलेला मजकूर वेबपत्त्यापासूनच सुरू होत असेल, तर तिच्यात त्याची पहिली तीन अक्षरं नेहमी एकाच रूपात येतात: धाकटा ए, मोठा एच, मोठा आर आणि शून्य. रोज हे काम करणाऱ्याला ही चार चिन्हं गर्दीत ओळखीचा चेहरा दिसावा तशी दिसतात. पॉवरशेलला, म्हणजे विंडोजला लेखी हुकूम देण्याच्या साधनाला, देण्यासाठी कमांड अशी झाकली, तर प्रत्येक अक्षरामागे एक शून्य बाइट असल्यामुळे सगळा मजकूर मोठ्या 'ए'ने बुजबुजलेला दिसतो. उलगडायच्या आधीच त्याची जात कळते. दहा स्क्रिप्ट स्वतः उलगडून बघा, अकरावीला वाचायच्या आधीच ओळखाल.

चालवून बघणं

वाचून कळेनासं झालं की चालवायचं, अर्थात त्याच बंद खोलीत. इथे पेच असा: नेटवर्क तोडलेलं असेल तर डाउनलोडर पहिल्याच पायरीवर अडकतो, आणि खरं नेटवर्क दिलं तर हल्लेखोराला आपला सुगावा लागतो. यावर तोडगा म्हणजे खोटं इंटरनेट. आयनेटसिम किंवा फेकनेटसारखी साधनं डाउनलोडर मागेल त्या प्रत्येक पत्त्याला 'हो, मीच तो' म्हणतात आणि काहीतरी निरुपद्रवी फाइल त्याच्या हातात ठेवतात. तो बापडा ती घेतो, ठरलेल्या जागी ठेवतो आणि चालवायला जातो. तिन्ही कामं आपल्या डोळ्यांदेखत.

हे सगळं टिपायला प्रोसेस मॉनिटर असतो. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी सुरू केलेल्या सिसइंटर्नल्स संचातलं हे साधन प्रत्येक फाइल, रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या वहीतली) प्रत्येक नोंद, प्रत्येक नवा प्रोसेस लिहून ठेवतं. मिनिटाभरात लाखभर ओळी सहज होतात, तेव्हा चाळणी लावणं हीच खरी कला. नेटवर्कवरचं बोलणं वायरशार्क टिपतो.

मी तरी सगळ्यात आधी प्रोसेसची वंशावळ बघतो. कोणी कोणाला जन्म दिला? वर्डने कमांड प्रॉम्प्ट उघडला, त्याने पॉवरशेल उघडलं, आणि पॉवरशेल कुठल्याशा अनोळखी पत्त्याशी बोललं, अशी साखळी दिसली की आतला कोड न वाचताही निदान जवळपास झालेलं असतं. पत्र लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला कमांड प्रॉम्प्टची गरज काय? याच कारणाने हल्ली डाउनलोडर स्वतःची हत्यारं न आणता विंडोजमध्ये आधीपासून असलेली वापरतात: प्रमाणपत्रं सांभाळणारं सर्टयुटिल, फायली उतरवण्यासाठीचं बिट्सअॅडमिन, एमएसएचटीए, रनडीएलएल३२. सही मायक्रोसॉफ्टची, काम चोराचं. अँटिव्हायरसचं आता नुसतं फाइलकडे बघून भागत नाही, वागणुकीकडे बघावं लागतं.

डाउनलोडरही काही दूधखुळा नसतो. आपण प्रयोगशाळेत आहोत का, हे तो चाचपतो. प्रोसेसर एकच आहे, रॅम अगदी कमी, माउस दहा मिनिटांत हललेला नाही, डेस्कटॉपवर एकही फाइल नाही, नेटवर्क कार्डाचा पत्ता ०८:००:२७ ने सुरू होतो म्हणजे हे तर व्हर्च्युअलबॉक्स! मग तो गप्प बसतो किंवा निमूट बंद होतो. काही जण नुसते झोपतात, कारण आपोआप चालणारे सँडबॉक्स, म्हणजे संशयित फाइल चालवून बघणाऱ्या बंद खोल्या, एका फाइलला काही मिनिटांहून जास्त वेळ देत नाहीत हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून सँडबॉक्सचा अहवाल 'काही आढळलं नाही' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'काही केलं नाही' एवढाच घ्यायचा.

खोटं इंटरनेटही कधी कधी अंगाशी येतं. मे २०१७ मधलं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर आठवा. तो डाउनलोडर नव्हता, पण सुरुवातीला एका लांबलचक, कोणीच नोंदवलेल्या नसलेल्या पत्त्याला हाक मारायचा, आणि उत्तर आलं तर तिथेच थांबायचा. प्रत्येक हाकेला ओ देणाऱ्या खोट्या इंटरनेटमध्ये तो चालवला असता तर साळसूदपणे बसून राहिला असता. मार्कस हचिन्स यांनी तो पत्ता नोंदवला तेव्हा जगभर नेमकं हेच झालं.

असा हट्टी गडी भेटला की डिबगर काढायचा. एक्स६४डीबीजीसारख्या डिबगरमध्ये प्रोग्रॅम पावलापावलाने चालवता येतो. झोपायच्या सूचनेवर थांबून ती ओलांडायची, तपासणीचं उत्तर हाताने उलटं करायचं, आणि नेटवर जाणाऱ्या फंक्शनच्या दारात दबा धरून बसायचं. पत्ता कितीही लिप्यांत गुंडाळलेला असो, हाक मारायच्या क्षणी तो मेमरीत उघडा असावाच लागतो. दुखरी नस म्हणालो ती हीच.

नाव काय ठेवायचं

ओळख पटली की नाव. अँटिव्हायरसवाल्यांनी १९९१ मध्ये कॅरो नावाची एक नामपद्धती ठरवली. मायक्रोसॉफ्ट आजही तिच्या धर्तीवर आधी प्रकार, मग मंच, मग कूळ, मग वाण असं लिहितं. त्यामुळे 'ट्रोजनडाउनलोडर, विन३२, उपात्रे' असं वाचलं की फाइलचा धंदा आणि घराणं दोन्ही कळतं. पण कुळाच्या जागी 'एजंट' किंवा 'जेनेरिक' असेल, तर सरळ वाचा: वागणूक संशयास्पद आहे, घराणं माहीत नाही. एकाच फाइलला दहा कंपन्या दहा नावं देतात, त्यामुळे नावाच्या मागे फार लागू नये.

घराणं शोधायला यारा नियम वापरतात. व्हायरसटोटलच्या व्हिक्टर अल्वारेझ यांनी बनवलेल्या या भाषेत नियम साधारण असा असतो: फाइल एमझेडने सुरू होते, आकार अमुकपेक्षा लहान आहे, आणि या पाच तुकड्यांपैकी किमान तीन आत आहेत, तर घंटा वाजव. हॅश एका फाइलला ओळखतो, चांगला यारा नियम अख्ख्या खानदानाला. नियम फार सैल झाला की चोर सोडून संन्याशाला फाशी. एप्रिल २०१० मध्ये मॅकॲफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही फाइलच व्हायरस ठरवली, आणि कितीतरी कार्यालयांतले संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसले.

डाउनलोडरच्या बाबतीत हा धोका जास्तच आहे, कारण तुमच्या ब्राउझरचा अपडेटर तरी वेगळं काय करतो? तोही बाहेरून फाइल आणतो, ठेवतो, चालवतो. तिन्ही कामं तीच. मग फरक करायचा कशावरून? मी काही बारकावे बघतो. प्रामाणिक अपडेटर आणलेल्या फाइलची सही तपासतो आणि मगच चालवतो. डाउनलोडरला बहुतेकदा ती फिकीर नसते. प्रामाणिक प्रोग्रॅम स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतो. डाउनलोडरला टेम्प फोल्डर आणि अॅपडेटाचे कोनाडे प्रिय. प्रामाणिक प्रोग्रॅम आपला पत्ता गुप्त लिपीत लिहीत नाही, माउस हलतोय का बघत नाही. एकेका बाबीवर निकाल देता येत नाही, पण चार बाबी एकत्र आल्या की मन घट्ट होतं.

आणि तरीही सही बघून कोणाला निर्दोष सोडायचं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय प्रोग्रॅमची अधिकृत सर्व्हरवरून उतरवलेली, कंपनीची अस्सल सही असलेली आवृत्तीच बाधित निघाली. ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर गेली होती. पुढचा टप्पा उतरवून घेण्याची सोय तिच्या पोटात होती, आणि तो टप्पा पाठवला गेला जेमतेम काही डझन संगणकांवर, तेही निवडक मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या. उरलेल्या लाखो संगणकांवर बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं.

मॅकवाल्यांनी हसू नये. तिकडे श्लेयर नावाचा डाउनलोडर फ्लॅशचा खोटा अपडेट बनून २०१८ पासून फिरत होता, आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या एका वाणाला ॲपलच्या स्वतःच्या तपासणीने मंजुरीही देऊन टाकली होती.

मधली पाच मिनिटं

परत त्या ११ वाजून ४ मिनिटांकडे येऊ. सॅम्पलचा, म्हणजे त्या संशयित फाइलचा, अभ्यास झाला, पत्ता हातात आला, फाइल कुठे ठेवतो ते कळलं. आता खरा संगणक तपासायचा, आणि तिथे सगळं घड्याळावर चालतं. विंडोजच्या प्रीफेच नोंदींत कोणता प्रोग्रॅम शेवटचा कधी चालला ते मिळतं. सिसमॉन हा संगणकावरच्या घडामोडी नोंदवत राहणारा प्रोग्रॅम आधीपासून बसवलेला असेल तर त्याच्या नोंदींतला क्रमांक १ म्हणजे नवा प्रोसेस, ३ म्हणजे नेटवर्क जोडणी, ११ म्हणजे नवी फाइल, २२ म्हणजे नावावरून केलेली पत्त्याची चौकशी. आणणं, ठेवणं, चालवणं, तिन्ही कामांची वेळेसकट हजेरी. ऑटोरन्स हे साधन संगणक सुरू होताना आपोआप चालू होणारी प्रत्येक गोष्ट दाखवतं. टिकून राहायचं असलेला माल स्टार्टअप फोल्डर, रजिस्ट्रीतली रन नोंद किंवा शेड्यूल्ड टास्क यांपैकी कुठेतरी दोर बांधून ठेवतोच.

आपल्या समजा-संगणकावर ओळी अशा लागतात. ११:०४, वर्डची फाइल उघडली. ११:०४, वर्डमधून पॉवरशेल. ११:०५, सॅम्पलमधून निघालेल्या त्याच पत्त्याची चौकशी. ११:०५, टेम्पमध्ये नवी फाइल. ११:०६, ती फाइल चालली. ११:०७, ब्राउझरच्या अपडेटसारखं दिसणारं नाव घेतलेला एक शेड्यूल्ड टास्क तयार, दर तासाला चालणारा. ११:०९, अँटिव्हायरसने वर्डची फाइल काढून टाकली, हिरवी खूण.

१२:०७ ला तो टास्क पहिल्यांदा चालल्याची नोंद आहे.